बुजवलेलं दार

लढाई संपली त्या साली मालकांच्या पलटणीच्या इस्पितळातून इंग्रजी पत्र आलं. साताऱ्याकडच्या आमच्या गावात इंग्रजी येणारे एकटे मास्तर, तेही सांगलीहून बदलून आलेले. त्यांनी ओसरीवर बसून वाचलं. जखम भरली आहे, घरी सोडतो आहोत. मात्र घरच्यांना तो थोडा ‘स्ट्रेंज’ वाटेल.

"म्हंजे?" सासूबाईंनी विचारलं.

"अनोळखी. परका. नाहीतर मग विचित्र."

"ह्यातलं कंचं?"

"ते कुणाबद्दल म्हटलंय त्यावर ठरतं, आजी."

"आवं, माझ्या ल्योकाबद्दल म्हटलंय की! एक काय ते सांगा."

मास्तरांनी घरून कोश आणला. त्यात आणखी एक अर्थ निघाला, नवखा. मला तो चालण्यासारखा वाटला. नवख्याला शिकवता येतं. पण विचित्र निघाले तर? आठ दिवस मी एका जागी बसले नाही. सारवलेली जमीन पुन्हा सारवली, निवडलेली ज्वारी पुन्हा निवडली.

ते दुपारी आले. मी भाकरतुकडा घेऊन पूर्वेच्या दारात उभी. ते तिथं आलेच नाहीत. गलका ऐकून कोपऱ्यावरून पाहिलं, तर घराच्या दक्षिणेला कोऱ्या भिंतीसमोर उभे राहून ती चाचपत होते.

"गडी चळला गं बया," शेजारीण म्हणाली.

क्षणभर मलाही तसंच वाटलं. मग डोक्यात प्रकाश पडला. ते गेले तेव्हा दार तिथंच होतं. पुढे सासूबाईंनी दक्षिणेचं दार वाईट म्हणून बुजवलं आणि पूर्वेला नवं पाडून घेतलं. हे त्यांना कुणी कळवलं नव्हतं. फौजेतल्या माणसाला घरचं वाईट लिहायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. चार वर्षं प्रत्येक पत्रात ‘सर्व खुशाल’.

"आवं, दार हिकडं हाय," मी म्हणाले.

"कवा हलवलं?"

"दोन वर्सं झाली."

"का?"

माणूस धड होता. प्रश्न अगदी बरोबर जागी येत होते, आणि आता मला त्याचीच भीती वाटू लागली. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. ते आमच्या मागे, बायांच्या घोळक्यात बघू लागले.

"पोरगी कुठाय?"

"आदी आत तर ये बाबा," सासूबाई म्हणाल्या.

"न्हाई," मी म्हणाले. "हितंच सांगते."

भाकरतुकडा दगडावर ठेवला आणि पोरगी ज्यात गेली त्या तापाचं पहिल्या दिवसापासून सांगितलं.