कनातीमागचा बँड

माझं लग्न सातासमुद्रापलीकडच्या बँडवर लागलं असं मी सांगितलं, की नातसुना एकमेकींकडं बघून हसतात. म्हातारीला चळ लागला, असं त्यांना वाटतं. हसा बायांनो, हसा. तुमच्या लग्नात लाउडस्पीकर बोंबलत होता आणि त्याला तुम्ही संगीत म्हणता. माझ्या लग्नात जे वाजलं ते ऐकलं असतंत, तर पाटावरून उडून पडला असता.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या वर्ष-दोन वर्षं आधीची गोष्ट. आमचं घर बारामतीला. कालव्याच्या पाण्यावर वांगी, मिरची, घेवडा काढायचा आणि बाजारात विकायचा, हा आमचा धंदा. स्थळ आलं इंदापूरचं, पेरूच्या बागवाल्यांचं. त्याआधी माझं लग्न दोनदा ठरून मोडलं होतं. एकदा पत्रिकेपायी, आणि एकदा मुलाच्या आजोबांनी ऐन वेळी डोळे मिटले म्हणून. म्हातारा पिकलं पान, दम्यानं बेजार, पण नाव माझं झालं. पांढऱ्या पायाची म्हणे! तिसऱ्यांदा मोडलं तर जन्मभर आबांच्या वांग्यातच बसायचं, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि आता लाजायचं काय, मुलगा मला आवडलाही होता. बाजारात पेरू विकताना मी त्याला पाहिला होता. गिऱ्हाइकानं पेरू दाबून बघितला की हा हळूच त्याच्या हातातून पेरू काढून घ्यायचा आणि पुसून परत टोपलीत ठेवायचा. असा माणूस बायकोला जपेल, असं माझ्या मनानं घेतलं.

सासरे मात्र नमुना होते. सुपारी फोडायच्या बैठकीत माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, रीतीप्रमाणं विचारलं, "पाव्हणं, काय अपेक्षा असंल ती मोकळ्या मनानं बोला."

सासऱ्यांनी मिशीवरून हात फिरवला. "हुंडा नको. मानपान नको. फकस्त बँड पायजे. सनई न्हवं, ताशा न्हवं. पितळंचा बँड. बँड न्हाय, तर लगीन न्हाय."

त्यांच्या चुलतभावाच्या पोराच्या लग्नात पुण्याचा बँड आला होता आणि तेव्हापासून त्यांना अन्न गोड लागत नव्हतं, हे आम्हाला मागाहून कळलं. आबा 'व्हय' म्हणून मोकळे झाले. बँड नावाची चीज त्यांनी तोवर लांबूनसुद्धा ऐकलेली नव्हती.

पुण्याचा बँड ठरला. लग्नाच्या दिवशी सकाळी निघालाही. पुण्याहून मोठ्या गाडीनं दौंडला यायचं, तिथं उतरून बारामतीची छोटी गाडी धरायची. पण दौंडच्या फलाटावर दुसरं एक वऱ्हाड बँडवाचून खोळंबलं होतं. त्यांनी आमच्या बँडला गरमागरम जिलबी खाऊ घातली आणि आमचा बँड जिलबीच्या मागं गेला. छोट्या गाडीच्या गार्डाबरोबर तेवढा निरोप आला, "उद्याच्याला येतो."

आबा निरोप्यावरच उखडले. "उद्याच्याला? लगीन काय शिळी भाकर हाय व्हय, उद्या कुस्करून खायाला?"

मी हळद लावून माजघरात बसले होते. मला रडू आलं नाही, राग आला. जिलबीचा इतका राग मला पुन्हा कधी आला नाही.

तेवढ्यात माझा मामा पुढं झाला. मामा नीरेकाठच्या साखर कारखान्यात स्टोअरकीपर होता. काम नटबोल्ट काढून द्यायचं, पण गावात आला की अख्खा कारखाना आपणच फिरवतो असं सांगायचा. तिथला एक गोरा साहेब नोकरी संपवून मायदेशी निघाला, तेव्हा त्याचा भोंग्याचा ग्रामोफोन आणि तबकड्यांची पेटी मामानं घेतली होती. तेच दोन्ही त्यानं मला आहेर म्हणून आणलं होतं. "एखादं पातेलं आनलं असतंस तर पोरीला उपेगी पडलं असतं," असं आईनं त्याच्या तोंडावर म्हणूनही झालं होतं.

मामानं पेटी उघडून एक तबकडी काढली. तिच्या कागदी पाकिटावर फोटो होता. ओळीनं बसलेली माणसं, रंगानं आपल्यासारखीच सावळी, अंगात पांढरे कोट आणि प्रत्येकाच्या हातात चकचकीत कर्णे, पिपाण्या, बाकदार नळ्या.

"ह्यो बगा बँड," मामा म्हणाला. "पाव्हण्यांनी पितळ म्हणलं हुतं ना? ह्यात समदं पितळच हाय. माणसं पायजेत असं कुटं म्हणलं हुतं?"

बुडत्याला काडीचा आधार. मांडवाच्या कोपऱ्यात, लिंबाच्या सावलीत, चहूबाजूंनी कनात बांधली आणि आत ग्रामोफोन ठेवला. कुणी विचारलं तर सांगायचं, की पुण्याचे वाजवणारे आहेत, त्यांना ऊन सोसत नाही आणि तोंडाकडं कुणी टक लावून बघितलं की त्यांची फुंक चुकते. घरात हे आबा, आई, मामा आणि मी एवढ्यांनाच ठाऊक होतं.

वऱ्हाड आलं. मामानं ग्रामोफोनची किल्ली पिळली आणि तबकडीवर सुईसारखा काटा ठेवला.

अगं बाई! मी घरात होते, पण माझ्या हातातल्या बांगड्या किणकिणल्या. आधी सगळ्यांनी मिळून एकदम फुंकलं. मग सगळे गप्प आणि एकटीच पिपाणी काहीतरी गाऱ्हाणं सांगायला लागली. सासूनं छळलेल्या सुनेसारखी वर जायची, खाली यायची, मध्येच मुसमुसायची. तिचं सांगून झालं की बाकीचे सगळे कर्णे एका दमात म्हणायचे, खरं हाय, खरं हाय! आणि खाली तो ढोलवाला सारखा पाय आपटतोय. साहेबानं मामाला ह्या वाजवण्याचं नाव 'स्विंग' असं सांगितलं होतं. मला नाव ठाऊक नव्हतं, पण लुगड्याखाली माझ्या पायाचा अंगठा हलत होता, हे आईनं पाहिलं आणि चिमटा काढला.

वऱ्हाड खूश. सासरे तर मांडवात असे फिरत होते, जसा काही तो बँड त्यांनीच फुंकून दाखवला. "ऐका की," ते आपल्या त्या चुलतभावाला म्हणाले, "तुमच्या पोराच्या लग्नात हे असलं वाजलं व्हतं का?" चुलतभावाचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं.

एक घोटाळा झाला. माझ्या काकूला कुणी काही सांगितलं नव्हतं. वाजवणाऱ्यांना उपाशी ठेवू नये म्हणून तिनं बुंदीच्या लाडवांचं भलंमोठं ताट भरून कनातीत सरकवलं. लाडू तसेच राहिले तर काकू आरडाओरडा करणार. त्यानं दोन कसेबसे गिळले. पण थोड्या वेळानं काकूनं ताट ओढलं तेव्हा ते लख्ख रिकामं होतं. मामाला वाटलं, आपण बाहेर गेलो तेवढ्यात कुत्र्यानं खाल्ले.

मुहूर्त जवळ आला. वरमाईनं मुलावर पडणाऱ्या अक्षता बघायच्या नसतात, म्हणून रीतीप्रमाणं सासूबाईंना वऱ्हाड आल्यापासूनच कुठंतरी आडोशाला बसवलं होतं. मला मांडवात आणलं. समोर अंतरपाट, माझ्या मागं मामा. नवरीच्या मागं मामानंच उभं राहायचं असतं, त्याला इलाज नाही. म्हणजे ग्रामोफोनजवळ कुणी नाही. मामाचा बेत असा होता, की शेवटचं 'सावधान' झालं की धावत जायचं आणि काटा ठेवायचा. किल्ली पिळून, सगळ्यात दणकेबाज तबकडी चढवून तो आला होता.

मंगलाष्टकं सुरू झाली आणि संपेनात. भटजींचं झालं, मग माझ्या एका काकांनी स्वतः जुळवलेलं एक म्हटलं, मग त्यांच्या एका मेहुण्यानं दोन म्हटली. त्यात इंदापूरच्या पेरूंचंसुद्धा वर्णन होतं. इकडं सासऱ्यांना उत्साह आवरेना. बँडच्या मास्तराचा मान अक्षतांच्या आधी करायचा, असं त्यांच्या मनात आलं. एका हातात कोरा फेटा, दुसऱ्या हातात नारळ घेऊन ते कनातीत शिरले.

माझ्या मागं मामाचा श्वास थांबलेला मला ऐकू आला.

कनातीतून आवाज आला, "मास्तर? ओ मास्तर?" मग सासरे लालबुंद होऊन बाहेर आले. "फसिवलं! हितं कुनीच न्हाय! एक खोकं हाय नुसतं! बँड न्हाय! थांबवा ते लगीन! गाड्या जुपा रं!"

श्लोक म्हणणारा मेहुणा अर्ध्यातच थांबला. आबांनी पागोटं काढून हातात घेतलं. मला फक्त अंतरपाट दिसत होता आणि त्याच्याखाली नवरदेवाचे दोन पाय. मी त्या पायांकडं बघत राहिले. हलले तर संपलं. बाप गाड्या जुंपा म्हणून ओरडत होता आणि ते पाय जागचे हलले नाहीत. तेवढ्यात अंतरपाटापलीकडून बारीक आवाज आला, "काय करू?"

नवरीनं बोलायचं नसतं. पण दोनदा मोडलेल्या नवरीला कसली रीत? मी म्हटलं, "गप उभं ऱ्हावा."

आणि कनातीमागं बँड फुटला.

सगळे कर्णे एकदम. कानठळ्या! लोकांना पिढ्यान्‌पिढ्या एकच सवय. मंगलाष्टकं थांबली, वाजंत्री कडाडली, की हातातल्या अक्षता उडवायच्या. विचार कोण करतो? अख्ख्या मांडवानं अक्षता उधळल्या. अंतरपाट धरणाऱ्यांनी सवयीनं अंतरपाट ओढला. समोर ते, तोंड उघडं, डोक्यावर तांदूळ. मी वाट बघितली नाही. हार त्यांच्या गळ्यात घातला, नीट बसला का तेही बघितलं. मग त्यांनी माझ्या गळ्यात घातला. सासरे अजून "थांबवा, थांबवा" करत होते, पण पिपाणीपुढं त्यांचं कोण ऐकतं?

तबकडी संपली तेव्हा भटजींनी घसा साफ केला. "म्हूर्त कवाच लागला हुता. मी आपला पाव्हण्यांच्या श्लोकासाठी थांबलो हुतो. लगीन लागलं."

"आरं, पन वाजवलं कुनी?" सासरे म्हणाले.

त्यावर चुलतभावानं संधी सोडली नाही. "तुमीच म्हणला, तितं कुनीच न्हाय."

सासऱ्यांनी मामाकडं बघितलं. मामा माझ्या मागं, जागेवर, घामानं भिजलेला. सासरे पुन्हा कनातीजवळ गेले, नुसता कोपरा उचलून आत डोकावले. आत तबकडी अजून आपली आपण फिरत होती. त्यांनी जोडे काढले, भोंग्यासमोर नारळ फोडला आणि पंगतीला येऊन बसले.

इंदापूरला माझ्याबरोबर तो ग्रामोफोनही आला. सहा महिने सासरे त्याच्या वाऱ्याला उभे राहिले नाहीत. मग एकदा ओट्यावरून, पाठ माझ्याकडं ठेवूनच म्हणाले, "सूनबाई, ते खोकं बिघडलं का काय? वाजत न्हाय." त्यानंतर रोज संध्याकाळी बँड. काटे संपले तेव्हा ते स्वतः बांधावरून बाभळीचे काटे निवडून आणायचे आणि घासून टोक करायचे. बाभळीच्या काट्यावर कर्णे जरा मवाळ वाजायचे, पण पिपाणीचं गाऱ्हाणं फार गोड लागायचं. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला लग्नाची कथा ऐकावी लागे. "न वाजवता वाजतो आमचा बँड. द्येवाची करणी!" मामा आला की तोही मान डोलवायचा. त्यालाही दुसरं काही सुचलं नव्हतं.

अशी बरीच वर्षं गेली. एका दुपारी जवळच्या बावडा गावचे कुणी पाहुणे आले होते. बाहेर सासऱ्यांची कथा लाडवांपर्यंत आली. आत मी आणि सासूबाई तूर निवडत होतो. सासूबाई कमी बोलायच्या. घरात त्या आहेत का नाहीत, हे पुष्कळांना जेवायच्या वेळीच कळायचं.

"कुत्र्यानं खाल्लं म्हनं लाडू," त्या सुपाकडं बघतच म्हणाल्या. "चांगलं झालं हुतं. पाक जरा जास्त व्हता."

मी तूर सोडून त्यांच्याकडं वळले. "आत्याबाई?"

"लिंबाखाली सावली हुती. मला तितंच कनातीमागं आडोशाला बसवलं हुतं, मी हळूच आत सरकले. तुजा मामा हात जोडून म्हणला, विहीणबाई, कुनाला सांगू नका. मी कशाला सांगती? मग मी हाय हे त्यो बी इसरला. त्यो कसा दांडा ठेवतो ते बगत बसले. सोपं हाय."

"मग मामंजी आत आले तवा तुमी कुटं हुता?"

"तितंच. खोक्याला टेकून. मास्तर, मास्तर करत त्यांनी समदीकडं बगितलं. माझ्याकडं बी बगितलं. आन् भाईर जाऊन म्हणलं, हितं कुनीच न्हाय."

त्यांनी तुरीतला एक खडा काढून बाजूला टाकला.

बाहेर सासऱ्यांचा आवाज चढला होता. "म्या सवता ह्या डोळ्यांनी बगितलं, पाव्हणं! कुनीच न्हवतं तितं!"

सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. गुडघ्यावर हात देऊन उठल्या, पदर खोचला, ग्रामोफोनची किल्ली पिळली आणि काटा तबकडीवर ठेवला.