मिक्सर दाराशीच राहील

लग्न होऊन आले तेव्हापासून जुईनगरच्या घरातलं किचन माझं कधीच नव्हतं. ते सासूबाईंचं होतं. मी तिथे कांदे चिरायला, भांडी विसळायला आणि बोलणी खायला होते. मी कालवण केलं की त्या थेंबभर तळहातावर घेऊन चाखायच्या आणि म्हणायच्या, "मीठ कमी हाय गो." कधी चिडून मुद्दाम जास्त घातलं, तरी तेच. नोकरी करणारी, मासे ओट्यावर उभ्याने साफ करणारी सून त्यांच्या पसंतीला उतरलीच नाही. त्या स्वतः फरशीवर बसायच्या, विळी पायाखाली दाबून धरायच्या आणि बोंबील असे झरझर साफ करायच्या की बघत राहावं. माहेर जासईचं, सासर खाडीकाठचं. गाव सोडून सोसायटीत आल्या, पण त्यांची विळी ओट्यावर कधी चढली नाही. मी मनात म्हणायचे, एक दिवस माझं स्वतःचं किचन असेल आणि त्यात जमिनीवर बसायला जागाच ठेवणार नाही.

मग त्यांना विसर पडायला लागला. आधी वार गेले, मग शेजारणींची नावं गेली, मग सासरे वारलेत हेही अधूनमधून जायला लागलं. हॉलमध्ये त्या भांबावलेल्या बसून असायच्या. पण किचनमध्ये पाऊल टाकलं की बाई शाबूत. न बघता हात वर जायचा आणि चिंचेची बरणी हाताला लागायची. डॉक्टर म्हणाले, "हातांना जे आठवतंय ते मोडू नका. तेवढंच उरलंय." मी ते ऐकून घेतलं. माझी इच्छा कुणी विचारली नव्हती, पण मलाही तसंच वाटत होतं. ती बाई किचनमधून गेली असती, तर आमच्या घरातून गेलीच असती.

आणि नेमकी तेव्हाच आमची इमारत पाडायला निघाली. रिडेव्हलपमेंट. सोसायटीत पेढे वाटले. दीर परदेशात असतात, त्यांचा सीवूड्सचा फ्लॅट रिकामाच होता. ते फोनवर म्हणाले, "वहिनी, किचन कोरंच आहे. तुमच्या मनासारखं करून घ्या." मनासारखं! मला हसूच आलं. इतकी वर्षं ज्या किचनवर मी धुसफुसले, तेच मला आता तसंच्या तसं पुन्हा उभं करायचं होतं.

सुट्टीच्या दिवशी टेप घेऊन मी सासूबाईंच्या मागेमागे फिरायला लागले. पीठ कुठल्या हाताने काढतात, पातेलं उतरवून कुठे ठेवतात, फ्रिजचं दार कमरेने लोटतात की कोपराने. त्या वैतागायच्या. "काय गो पायात येतस? काम नाय काय तुला?" आत शिरल्यावर डाव्या हाताला फ्रिज. समोर खिडकीखाली गॅस. गॅसच्या उजवीकडे मसाल्याचा डबा, डावीकडे सिंक. खालच्या कप्प्यांना दारं नाहीत, सगळं उघडं. फ्रिज आणि ओट्याच्या मधे विळी घेऊन बसण्यापुरती फरशी. आणि मिक्सर दाराशी, कारण बिल्डरने दुसरा प्लग तिथेच दिला होता. खोबरं भाजायचं ओट्यावर, वाटायला जायचं दाराशी, वाटण घेऊन परत ओट्याशी. इतकी बिनडोक मांडणी मी दुसरी पाहिलेली नाही. पण त्यांचे पाय त्या वाटेने डोळे मिटून जायचे.

मॉड्युलर किचनवाला पोरगेलासा होता, हुशार होता. लॅपटॉपवर त्याने मला एक चकचकीत किचन फिरवून दाखवलं.

"मॅडम, सिंक, गॅस, फ्रिज, तिन्ही जवळ-जवळ. चालायचं टेन्शनच नाय. खाली सगळ्या ट्रॉल्या, वर चिमणी."

"ट्रॉल्या नकोत. उघडे कप्पे हवेत."

"झुरळं होतील ना मॅडम."

"होऊ देत. चिमणीही नको, त्यांचं डोकं आपटेल. आणि हा मिक्सर इथे नको. दाराशी."

"दाराशी?" त्याने मान वर केली. "मिक्सर दाराशी कोन ठेवतं? ओट्यावर चार पॉइंट देतो मी."

"मिक्सर दाराशीच राहील," मी म्हटलं. आवाज जरा चढलाच. त्या बिचाऱ्याने लॅपटॉपवर मिक्सर दाराशी सरकवला. पैसे देऊन वाईट किचन करून घेणारी बाई त्याला पहिल्यांदाच भेटली असावी.

एका ठिकाणी मात्र माझं काही चाललं नाही. फ्लॅट उलट्या तोंडाचा निघाला. सिंकचं पाणी वाहून जाणारा पाइप उजव्या भिंतीतच होता, त्यामुळे सिंक डावीकडे नेताच येईना. प्लंबर म्हणाला, नेलंत तर खालच्यांच्या बेडरूममध्ये गळेल. मी दोन रात्री नीट झोपले नाही. मग मसाल्याचा डबा सिंकच्या पलीकडे, त्याच उंचीवर लावला आणि स्वतःची समजूत घातली की एवढ्याने काय होतंय.

जुनी बरणी, जुना पाट, विळी, फ्रिजवरची कांद्याची टोपली, सगळं आदल्या रात्री, त्या झोपल्यावर, नेऊन जागच्या जागी लावलं. रिकामं जुईनगर त्यांना दिसू नये म्हणून बाकीचं सामान हलवायच्या आधी त्यांनाच घेऊन आलो. मी इतकी खूश होते की मलाच लाज वाटत होती.

पण नवऱ्याने बाहेरच्या आणि किचनच्याही दाराला तोरण बांधलं होतं. उंबऱ्यावर रांगोळी होती. "दूध उतू घालवल्याशिवाय नव्या घरात स्वयंपाक कसा करायचा?" तो म्हणाला, आणि मलाही ते बरोबरच वाटलं. सगळे तसंच करतात. फर्निचरचा, रंगाचा, प्लगचा इतका विचार केलेल्या माझ्या डोक्यात हे आलंच नाही की जे घर आम्ही जुनं भासवणार होतो, तिथे आम्ही स्वतःच्या हाताने गृहप्रवेश साजरा करत होतो.

सासूबाई किचनच्या दारात उभ्या राहिल्या. तोरण पाहिलं, ओट्यावरचा नारळ पाहिला. पातेल्यातून दूध वर आलं आणि शेगडीवर सांडलं, तसे त्यांनी हात जोडले. मी म्हटलं, "आई, या ना आत. चहा ठेवा सगळ्यांना." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फार प्रेमाने पाहिलं. तसं त्यांनी माझ्याकडे कधी पाहिलेलं मला आठवत नाही.

"नको बाई," त्या म्हणाल्या. "नवा घर तुमचा. तुमचे हातचाच घेन."

आमच्याकडे दुसरीच्या किचनमध्ये न विचारता शिरत नाहीत. पाहुणी कितीही जवळची असो, बाहेर बसते, वाढतील ते खाते, नावं ठेवत नाही. हा रिवाज त्यांनीच मला शिकवला होता, मोठ्या नणंदेच्या घरी मी सरळ आत जाऊन झाकण उचललं होतं तेव्हा, चारचौघांत.

त्या दिवसापासून त्या आत आल्या नाहीत. मी हाताला धरून नेलं तर अंग चोरून उभ्या राहायच्या आणि हळूच बाहेर सटकायच्या. पॅसेजमधल्या खुर्चीवर पदर सावरून बसायच्या. मला वाटतं सिंकमुळे झालं. नवरा म्हणतो, तोरणामुळे. डॉक्टर म्हणतात, तसंही आज ना उद्या होणारच होतं, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. लावून घेऊ नका म्हणजे कुठे ठेवू, ते कुणी सांगत नाही.

आता ते किचन एकटी मी वापरते. खोबरं भाजते, दाराशी जाते, वाटते, परत येते. दरवेळी त्या मिक्सरला शिव्या घालते, पण तो हलवत नाही. विळीच्या जागेवर कुणी बसत नाही, तरी तिथे मी स्टूलसुद्धा ठेवलेलं नाही.

गेल्या रविवारी बोंबलाचं कालवण केलं. चिंच घातली, वाटण घातलं, आणि मीठ घातलंच नाही. चिमूटभरसुद्धा नाही. ताट त्यांच्या पुढ्यात ठेवलं आणि समोर बसून राहिले. मनात म्हणत होते, बोला. एकदा तरी बोला.

त्यांनी पहिला घास घेतला. क्षणभर थांबल्या, तशी मी पुढे सरकले. मग त्यांनी दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, वाटी पुसून सगळं संपवलं. पाणी प्यायल्या आणि माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "बेस झालंय हो कालवन. तुमचे हाताला चव हाय."