मिलिंदचा फुटपाथ

मिलिंद गेल्याचं वहिनींनी फोनवर सांगितलं, तेव्हा मी चिडूनच म्हणालो, "असं कसं? रविवारी तर तुम्ही आमच्याकडे जेवायला येणार होतात!" मरणाशी भांडून उपयोग नसतो, पण आमची मैत्रीच भांडणांवर पोसलेली. नागपूरचा हा रस्ते आखणारा इंजिनियर इथे सातासमुद्रापार, नेपरव्हिलला आमच्या शेजारी राहायला आला आणि पहिल्याच भेटीत माझ्या नव्या कोऱ्या गाडीकडे बघून म्हणाला, "पाच जणांची जागा, आणि बसतोस एकटाच?"

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्याच्या कंपनीकडे नैरोबीतल्या एका रस्त्याचं काम आलं. शहर झपाट्याने वाढत होतं आणि तिथली कितीतरी माणसं कामाला पायीच जातात, हे मिलिंद त्यांच्याबरोबर चालून पाहून आला होता. बॉसने मात्र गाड्यांची लेन वाढवायला नकाशातला फुटपाथच उडवला. मिलिंदने सही करायला नकार दिला. त्याचं ग्रीन कार्ड त्याच कंपनीच्या हातात! मी समजावलं, "सही करून टाक ना यार. कार्ड येऊ दे, मग घाल वाद." तो शांतपणे म्हणाला, "आमच्या जातीला बंदी असलेल्या रस्त्यावरून चालायचा हक्क माझ्या आजोबांना कुणी गिफ्ट नव्हता दिला. लढून घेतला त्यांनी. आता मीच तो दुसऱ्यांचा कॅन्सल करू?"

मग या पठ्ठ्याने बॉसलाच गळ घातली, एकदा आपल्या इथल्या स्टेशनपासून ऑफिसपर्यंत माझ्याबरोबर चाला, मग ठरवा. नेमका भरपूर स्नो पडलेला. रस्ता लख्ख साफ, आणि तिथला सगळा बर्फ फुटपाथवर ढकललेला. बॉस आधी गुडघाभर बर्फातून, मग नाइलाजाने गाड्यांच्या कडेकडेने, हॉर्न खात ऑफिसात पोचला. ओले मोजे हीटरवर टाकून त्याने नकाशा मागवला आणि फुटपाथ परत आला. "त्यावर फेरीवाले बसतील," तो कुरकुरला. "बसू देत," मिलिंद म्हणाला, "घरी चालत जाणाऱ्यांना वाटेतच भाजी मिळेल." ग्रीन कार्डही यथावकाश आलं. मला त्याचा भारी अभिमान वाटला, आजही वाटतो.

परवा वहिनींनी त्याचं टेबल आवरायला बोलावलं. वर एका नव्या रस्त्याचा कागद होता, पेन्सिलीने अर्धवट काढलेला. दोन्ही कडांना रुंद फुटपाथ, झाडं, बसस्टॉप, डोक्यावर टोपली घेतलेली बाई... मधला भाग कोरा. "अपुराच राहिला हो, भाऊजी," म्हणताना वहिनींचा आवाज कापला. माझेही डोळे भरून आले. पण कागद मी नीट पाहिला.

"नाही वहिनी. माणसांचं सगळं काढून झालंय. राहिल्यात त्या फक्त गाड्या."