तीन हिरवी, एक पांढरं

अप्पांनी, माझ्या वडिलांनी, माझी ट्रंक जीपच्या टपावर दोरीनं बांधली आणि गाठ तीनदा ओढून पाहिली. भूकंपाला आठ-नऊ महिने झाले होते. निलंग्याकडचं आमचं गाव दगडमातीचा ढीग होऊन पडलं होतं आणि आम्ही माळावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो. दहावीला मला बरे मार्क पडले होते, म्हणून अप्पा मला लातूरला क्लासला ठेवायला निघाले होते. अव्वा, माझी आई, शेडच्या दारात उभी होती. आदल्या हिवाळ्यापर्यंत तिच्या कडेवर बासू असायचा, माझा चार वर्षांचा भाऊ. आता हात रिकामे होते आणि त्यांचं काय करायचं हे तिला कळत नव्हतं. आठ वर्षांच्या गंगाला तिनं उगाचच जवळ ओढून धरलं होतं. "डॉक्टर होऊन ये, म्हानंदा," अप्पा गाडीत म्हणाले, "आपल्या घराला एक डॉक्टर पायजे."

लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघत होते. एका हॉलमध्ये दोनशे पोरं मांडीला मांडी लावून बसायची. दर रविवारी परीक्षा आणि सोमवारी फळ्यावर नंबर. भूकंपाच्या गावातून आलेल्या आम्ही पाच-सहा मुली खोलीत भिंतीपासून हातभर लांब अंथरूण घालायचो आणि रेणापूर, मुरुडकडच्या मुली आम्हाला हसायच्या. मेडिकल माझं दोन वर्षं थोडक्यात हुकलं. दुसऱ्या निकालानंतर अप्पा पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग एक दिवस म्हणाले, "शेतकीचं तर शेतकीचं, पण शीक."

शेतकी शिकता शिकता मी अनुवंशशास्त्रात शिरले आणि शिष्यवृत्तीवर थेट जर्मनीतल्या एका छोट्या गावात जाऊन पोचले. तिथं जवावर संशोधन चालायचं. जव आमच्याकडे पूजेपुरते. तिथं मैलोन्‌मैल जवच. त्याच्या गुणसूत्रांच्या सातच जोड्या, पण चांगल्या ठसठशीत, सूक्ष्मदर्शकाखाली लगेच ओळखू येणाऱ्या. आम्ही बियांवर किरणांचा मारा करायचो, म्हणजे गुणसूत्रांत कुठंतरी मोडतोड व्हायची, आणि पुढच्या पिढ्यांत काय बदललं ते शोधायचो. माझ्या वाट्याला पांढरी रोपं आली होती. ठणठणीत हिरव्या झाडाचं बी पेरावं, तर साधारण तीन रोपं हिरवी आणि एक कागदासारखं पांढरं निघायचं. पांढऱ्याला स्वतःचं अन्न करता येत नाही. बियातली शिदोरी असेतो ते वाढतं आणि दहा-बारा दिवसांत मान टाकतं. दोष मात्र आधीच्या हिरव्या झाडात असतो. गुणसूत्रांच्या जोडीपैकी एकावर दोष आणि दुसरं चांगलं असलं की झाडाला काही होत नाही. दोन्हीकडून दोष आला की संपलं.

हे गणित मी कॉलेजात पाठ केलेलं होतं, पण ते वाटाण्याचं होतं. स्वतःच्या घराला लावून बघावं असं कधी मनात आलं नाही. त्या वसंतात रोपांचे ट्रे मोजण्याचं काम जोरात असताना अप्पांचा फोन आला. गंगाचं लग्न ठरलं होतं, गुरुनाथमामाशी. आमच्याकडे सख्ख्या मामाशी लग्न होतं. मामा तिच्याहून सात वर्षांनी मोठा, निलंग्यात मोटारपंपाच्या सामानाचं दुकान, आणि गंगाला तो लहानपणापासून आवडायचा. मला आनंदच झाला. दुसऱ्या दिवशी ट्रेसमोर बसले आणि मोजता मोजता हात थांबला. अव्वासुद्धा अप्पांची भाचीच. तिची आई, म्हणजे माझी आजी, अप्पांची सख्खी थोरली बहीण. आम्ही चार भावंडं. मी आणि गंगा धडधाकट. बासूच्या आधी एक मुलगी झाली होती, ती वर्षाची होऊन गेली. आणि बासू. पांढराफटक चेहरा, पोट पुढं आलेलं, सारखा ताप. डॉक्टर म्हणायचे, रक्त कमी आहे. भूकंपानंतर तीन महिन्यांनी शेडमधल्या थंडीत तो गेला. त्या वर्षी सगळ्यांचंच कुणी ना कुणी गेलं होतं, म्हणून लोक म्हणाले, भूकंपानं नेला. आम्हीही तेच म्हणत आलो.

मी विभागप्रमुख बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी जवाची डॉक्टर, माणसांची नाही. आधी स्वतःचं रक्त तपासून घे." घेतलं. आठ दिवसांनी कागद हातात आला. थॅलेसेमियाची वाहक, म्हणजे अंगात रक्तच धरू न देणाऱ्या आजाराचा दोष माझ्या जोडीतल्या एका गुणसूत्रावर होता. मला स्वतःला कधीच काही होणार नव्हतं. पण अव्वाच्या रक्तात हे असलं, तर तिच्या भावाच्याही असू शकत होतं, आणि गंगाच्याही.

रविवारी दुपारी मी फोन लावला.

"अप्पा, लग्नाआधी गंगाचं आणि मामाचं रक्त तपासून घ्या."

"कशापायी? लोखंडावानी पोरगं हाय ते."

"मी पण लोखंडावानीच हाय अप्पा. माझ्या रक्तात निघालंय."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग त्यांनी हळूच विचारलं, "कुणाला सांगितलीस का ही गोष्ट?"

"न्हाई."

"सांगू बी नगंस. तुझं लगीन व्हायचंय अजून."

"अप्पा, बासू भूकंपानं नव्हता गेला."

"समदं गाव सांगतंय भूकंपानं नेला म्हणून. तू तिकडं जवाची रोपं मोजायलीस ना? तीच मोज. माझी लेकरं मोजू नगंस!"

त्यांनी फोन ठेवला. नंतर तीन आठवडे कुणी उचलला नाही.

मी ट्रे सहकाऱ्याच्या हवाली केले आणि निघाले. तुमच्यातले जे परदेशात गेलेत त्यांना ठाऊक असेल, घरी जायच्या विमानात माणूस मनातल्या मनात किती भांडणं जिंकतो. लातुरात उतरेपर्यंत मी अप्पांना दहा वेळा गप्प केलं होतं. नव्या गावठाणात पोचले तर अंगणात मांडवाचे बांबू येऊन पडलेले. अप्पा मला बघून उठले आणि शेताकडे निघून गेले. मी बॅग बांबूंशेजारी टेकवली.

मग मी दुकानात जाऊन मामाला गाठलं. एका कागदावर सगळं काढून दाखवलं. तो म्हणाला, "मी काय जवाचं रोप हाय का गं?" हसला, पण कागद घडी करून खिशात घातला. घरी अव्वा अप्पांना एवढंच म्हणाली, "साडीचा फॉल लावायचाय, गंगाला घेऊन लातूरला जाऊन येते." मीही सोबत गेले आणि मामा स्टँडवर येऊन थांबला. लॅबवाल्यानं दोघांचं रक्त काढलं. नमुने पुण्याला जाणार होते. येताना बसमध्ये गंगा माझ्याशेजारी बसली नाही.

पाच दिवस आम्ही रिपोर्टची वाट बघत होतो. हळद आठवड्यावर आली होती. गंगा माझ्यासमोर ताट ठेवायची आणि निघून जायची. मला मनातून दोन्हींची भीती होती. दोघांत दोष निघाला तर लग्न मोडायचं, आणि कुणातच निघाला नाही तर मी उगाच सगळ्यांना नासवलं असं व्हायचं.

रिपोर्ट आला. मामा वाहक. गंगाच्या रक्तात काहीच नाही.

म्हणजे लग्नाला कसलीच हरकत नव्हती. एकाकडून चांगलं येणार असलं की लेकराला तो आजार होत नाही. मी धावत जाऊन हे सांगितलं, अप्पांना, आजीला, मामाला. पण आजीनं तेवढंच ऐकलं, जेवढं तिला टोचलं. माझ्या पोराच्या रक्तात खोट काढली, तीही लग्नाच्या तोंडावर, नातीनं. "ज्या घरात माझ्या लेकराची तपासणी होते, त्या घरची सून मला नगं," म्हणाली. मामा दोन दिवस आईशी भांडला, मग गप्प बसला. मांडवाचे बांबू परत गेले.

गंगा मला एकच वाक्य बोलली. "तुझ्या परीक्षेत मी पास झाले ताई, आन्‌ तरी माझंच गेलं."

निघायच्या आदल्या दिवशी अव्वा परातीत पीठ घेऊन माझ्याजवळ बसली. तिच्या गेलेल्या दोन लेकरांवरून तिला काय काय ऐकवलं गेलं होतं, ते मी लहानपणापासून ऐकत आले होते. पायगुण, दृष्ट, कुणाचा तरी शाप. तिनं विचारलं, "त्यो दोष, अर्धा माझ्याकडनं आन्‌ अर्धा तुझ्या अप्पाकडनं?"

"हो अव्वा. दोघांकडून आल्याशिवाय होतच नाही."

"म्हंजी माझ्या एकटीचं न्हवतं."

"नव्हतं."

तिनं पिठात पाणी घातलं आणि मळायला लागली. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता, तसंच वाहू दिलं. दारात अप्पा उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते आत आले, कधी नव्हे ते अव्वाच्या शेजारी भुईवर बसले आणि म्हणाले, "तू जवळ असलीस की बासूला जास्त ताप चढतो, असं मीच बोललो व्हतो येकदा." अव्वा पीठ मळत राहिली. पण त्यांना उठा म्हणाली नाही.

पुढं मामानं दुसरीकडे लग्न केलं. मुलगी बघायला गेल्यावर त्यानं स्वतःच आधी रक्त तपासणीचा विषय काढला, असं अव्वानं फोनवर सांगितलं. गंगा बिलोलीला एका शिक्षकाच्या घरी दिली. तिच्या लग्नाला मला रजा मिळाली नाही असं मी सगळ्यांना कळवलं. खरं म्हणजे मी मागितलीच नव्हती. मीही जर्मनीतच राहिले. आता जर्मन धडपणे बोलते, हिवाळ्यात गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडते, आणि कुणी गाव विचारलं तर 'लातूरजवळ' म्हणून थांबते.

त्या मोडलेल्या लग्नानंतर चार वर्षांनी एका शनिवारी सकाळी बिलोलीहून गंगाचा फोन आला.

"ताई, मला दिवस गेलेत."

मी खुर्ची ओढून बसले.

"यांचं रक्त तपासून घेतलं. काही न्हाई निघालं."

"गंगा, त्याची गरज नव्हती गं. तुझ्यात दोषच नाही, तर मग…"

"ठाऊक हाय मला. तरी बी घेतलं." मग ती म्हणाली, "बाळंतपणाला ये."

"रजा मिळाली तर बघते."

"मिळाली तर न्हवं. माग."

घर म्हणजे काय, असं इथले मित्र कधी कधी विचारतात. पडलेलं गाव सांगावं, पत्र्याची शेड सांगावी की नंबर घातलेलं नवं गावठाण, माझं ठरत नव्हतं. आता ठरलंय. जिथलं माणूस माझ्यावर चार वर्षं रागावू शकतं आणि मग रजा माग म्हणून हुकूम सोडू शकतं, ते माझं घर. सोमवारी ऑफिसात शिरल्यावर अंगातला कोट न काढताच मी अर्ज लिहायला बसले.