शेडमधली इर्जिक

दहिवलीच्या घरी मी भाकऱ्या थापत होते, तेव्हा वहिनीचा फोन आला. कुंभिवलीच्या शेडचं कुलूप उघडता उघडता दादा कोसळला होता... दवाखान्यापर्यंत पोचलाच नाही.

माझा भाऊ काही बडा कारखानदार नव्हता. एका मोठ्या कंपनीच्या गाड्यांना लागणाऱ्या रबरी पट्ट्या बनवायचा. ती कंपनी म्हणजे सासरचा पाहुणा. कधी न कळवता अख्खी पंगत घेऊन येणार, कधी शिजवून ठेवलं तरी फिरकणार नाही. आज दुप्पट माल मागायची, आठवड्याभरानं सगळं थांबवा म्हणायची. आजूबाजूचे शेडवाले काम वाढलं की माणसं भरत आणि घटलं की घरी पाठवत. दादाला ते जमायचं नाही. मला म्हणायचा, "मानसं काय नळ हायत का गं, सोडला नि बंद केला?"

मग या पठ्ठ्यानं शेडमध्ये इर्जिक घातली! भिवपुरीला आमच्या वडिलांच्या भातलावणीला सगळं गाव यायचं, मग आम्ही त्यांच्या शेतात जायचो. तसंच हे. काम थंडावलं की दादाची माणसं शेजारच्या हमीदभाईंच्या प्लॅस्टिकच्या शेडमध्ये जात. दादाकडे घाई झाली की त्यांची इकडे येत. लोक हसले. एकदा तर दादाची सगळी माणसं तिकडे असताना कंपनीनं तिप्पट माल मागितला. तेव्हा हमीदभाईंनी स्वतःचं मशीन थांबवलं आणि दोन्हीकडची माणसं घेऊन ते इकडे आले. मग हसणारेही या इर्जिकीत आले. माझ्या भावाचा मला तेव्हाही अभिमान होता, आजही आहे.

दादाच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि लगेच कंपनीची मोठी मागणी आली. वहिनीनं शेड बंद करायचं ठरवलं होतं. तेवढ्यात हमीदभाई माणसं घेऊन शेडच्या दारात उभे.

वहिनी म्हणाली, "आता हे नायत, हमीदभाई. याची परतफेड करायला कोन येनार?"

"तुमी येनार, वैनी."

तिनं रबराच्या पट्ट्या दाबायचा प्रेस सुरू केला. माल वेळेत गेला.

गेल्या सोमवारी हमीदभाईंकडे अचानक काम वाढलं. शेडमधली माणसं घेऊन सगळ्यांच्या पुढे वहिनी निघाली. अंगात दादाचा कामाचा निळा कोट होता. लांब होत होता, म्हणून तिनं बाह्या दुमडून घेतल्या होत्या.