जागा उरली तर

तायमी लाहतीच्या बापाची आणि भावांची हयात उत्तरेकडच्या बर्फाळ हिबिंग गावच्या लोखंडाच्या खाणीत गेली. ते खाली गेले, ही वर गेली. विमानात कॉफी ओतता ओतता तिचे केस पिकले. मधल्या काळात युनियनची पुढारीही झाली. विमानातल्या बायांना पुरती झोप मिळत नाही म्हणून तिने कंपनीच्या साहेबांना त्यांच्याच टेबलावर मूठ आपटून सुनावलं होतं, "झोप परवडत नसेल तर विमानं कशाला काढता? बर्फ ओढायचे ट्रॅक्टर चालवा." साहेबांनी तिला बोलणी करायला पुन्हा बोलावलं नाही, पण नोकरीवरून काढायची छातीही कुणाची झाली नाही.

निवृत्त झाल्यावर मिनियापोलिसच्या विमानतळाजवळ, एका चर्चच्या तळघरात, ती दर शनिवारी घाबरट प्रवाशांचा वर्ग घ्यायची. फी काही नाही. ज्याने त्याने खायला काहीतरी आणायचं. वर्ग म्हणजे नुसता गोडगोड धीर नव्हे. तायमी खडसावायची.

"हादरा बसला की मेलो, असं वाटतं ना? खडबडीत रस्त्यावर गाडी हादरते तेव्हा मरता का? पंख लवतात, कारण ते लवायलाच केलेत. एक इंजिन बंद पडलं तरी दुसऱ्यावर विमान उतरतं, वैमानिक त्याचाच सराव करत असतात. वर असताना दार कुणाच्या बापाला उघडत नाही, हवेच्या दाबाने ते चौकटीत रुतून बसलेलं असतं. आणि तुम्ही सगळे इथे गाडी चालवत आलात ना? मग धोक्याचा प्रवास तुमचा झाला करून."

लोक हसायचे. मग ती दोन गोष्टी बजावायची. एक, तासन्‌तास आधी येऊन बसू नका. भीती उडण्यात कमी आणि वाट बघण्यात जास्त असते. दोन, जीव घाबरलाच तर विमानातल्या बाईच्या तोंडाकडे बघा. ती निवांत कॉफी ओतत असेल तर तुम्हीही निवांत प्या.

या वर्गातून शेकडो माणसं उडाली. तायमीची थोरली बहीण रौहा मात्र कधी वर्गाला आली नाही.

"मला कुठे जायचंय?" रौहा म्हणायची. "तुझी विमानं तुला लखलाभ. मला माझी चूल बरी."

पण मग फेब्रुवारीत रौहाच्या एकुलत्या एक लेकीचा फोन आला. जोलीन टूसॉनला होती, दूर दक्षिणेच्या वाळवंटात. कर्करोग यकृतात उतरला होता आणि डॉक्टरांनी आता गोळ्यांचं नाव काढणं सोडलं होतं. जोलीनने एवढंच विचारलं, "आई, येतेस ना?"

रौहा म्हणाली, "येते." आणि तायमीला म्हणाली, "ने मला. उद्याच ने. मला पुन्हा विचार करू देऊ नकोस."

इथे तायमीने ती चूक केली, जी विमानवाल्यांच्याच घरात होते. तिने तिकीट काढलं नाही. नोकरीत जन्म घालवलेल्यांना घरच्यांसकट फुकट प्रवासाचा पास असतो. विमानात जागा उरली तर चढायचं, नाही उरली तर पुढच्याची वाट बघायची. तायमीने आयुष्यात तिकीट विकत घेतलं नव्हतं. "आपण विमानवाले. तिकिटं लोक काढतात," ती ऐटीत म्हणाली. सोमवारी सकाळी दोन जागा हमखास उरतात, हा तिचा जन्माचा अनुभव. पण रविवारी बर्फामुळे विमानं रद्द झाली होती आणि ते सगळे प्रवासी सोमवारच्या विमानांत कोंबले होते.

सकाळी रौहा तयार होती. कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, पिशवीत जोलीनसाठी वेलदोडा घातलेला, वेणीसारखा गुंफलेला गोड पाव. "चल," ती म्हणाली. "आत्ता जमेल मला. आत्ता चल."

विमानतळावर त्यांचं नाव पुकारलं नाही. दार लागलं. विमान गेलं.

तायमी धावत तिकीटखिडकीवर गेली, पर्स उघडून, कुठलंही तिकीट द्या म्हणाली. आजचं काही नव्हतं, उद्याचंही नव्हतं. दुसरं विमानही भरून गेलं. मग दोघी बहिणी काचेसमोर बसून राहिल्या. बाहेर माणसं उंच पाळण्यात चढून पंखांवर नारिंगी द्रव फवारत होती. एकजण बॅटरी घेऊन इंजिनात वाकून बघत होता.

"बर्फ धरू नये म्हणून धुतात," तायमी म्हणाली. "प्रत्येक वेळी. बघ किती काळजी घेतात."

"एवढी काळजी घ्यावी लागते, म्हणजे भ्यायला जागा आहे की."

"रौहा, तुझ्या नवऱ्याने खाणीत सुरुंग लावले गं जन्मभर."

"तो जमिनीवर होता."

"जमिनीखाली होता!"

रौहा हसली. तेवढंच. मग पुन्हा कोटाचं वरचं बटण काढू-घालू लागली. वाट बघण्यात काय असतं ते तायमी वर्गात शिकवत होती. आता ते आपल्याच बहिणीच्या बोटांत वाढताना बघत होती.

दुपार कलता कलता नाव पुकारलं. दोन जागा. रौहा उठली, बोगद्यासारख्या वाटेने चालत थेट विमानाच्या दारापर्यंत आली. वाट आणि विमान यांच्यामध्ये बोटभर फट असते. तिच्यातून बाहेरची थंडी वर येते. रौहा त्या फटीशी थांबली.

"पाय उचल," तायमी हळूच म्हणाली. "खाली नको बघूस. माझ्या तोंडाकडे बघ."

रौहाने बघितलं. बराच वेळ बघितलं.

"हेच तोंड होतं तुझं," ती म्हणाली, "आईला दवाखान्यात नेलंस तेव्हा. काही नाही गं, साधा खोकला आहे, म्हणालीस. मी या तोंडावर विश्वास ठेवला आणि घरी पाव भाजत बसले. तू परत आलीस ती एकटी."

दारातली पोर म्हणाली, "मावशी, काय ते ठरवा, दार लावायचंय." रौहा मागे फिरली, रांगेतल्या माणसांना कोपराने बाजूला करत.

"गाडीने चल," ती बाहेर म्हणाली. "गाडीने कुठेही येते मी."

तायमी चिडली, ओरडली, आणि शेवटी किल्ली काढून निघाली. दुसरं काय करणार होती?

गाडीपेक्षा विमान सुरक्षित, हे आकडे खरे आहेत. त्यांच्याशी भांडायला कुणी माझ्या दारात येऊ नये. त्या रस्त्यावर मैलामैलाला जो धोका होता, तो विमानात औषधालाही सापडला नसता. आयोवात डांबरावर बर्फाचा काचेसारखा थर होता. दोन्ही बाजूंनी मालट्रक चिखल उडवत घुसत होते. एक गाडी खड्ड्यात उलटी पडलेली, चाकं वर. तायमीचे हात घामाने ओले झाले होते. आणि शेजारी रौहा मान टाकून, तोंड उघडं ठेवून, तान्ह्या पोरासारखी झोपली होती. आकडे घेऊन बसा आता.

दुसऱ्या दिवशी कॅन्ससमध्ये एका पेट्रोलपंपावर, लख्ख उन्हात, रौहाच्या जावयाचा, डेलचा फोन आला. तायमी गाडीबाहेर उभी होती. डेल रडत नव्हता. त्याचा आवाज सपाट झाला होता. सकाळीच गेली, म्हणाला. शेवटी आईचं विचारत होती. विमानात बसलीय, येतेच आहे, असं मी सांगितलं.

तायमी गाडीत येऊन बसली. रौहा जागी होती, मांडीवर पावाची पिशवी.

"कुणाचा फोन?"

"डेलचा. जोलीनला झोप लागलीय म्हणे." तायमीने थर्मास उघडला. "थांब, कॉफी देते."

ती ओतू लागली. हात जराही हलला नाही. चेहरा शांत, ओठांच्या कोपऱ्यात ते हलकं हसू.

रौहा कपाकडे बघत नव्हती, तायमीच्या तोंडाकडे बघत होती.

"पुरे," ती म्हणाली. "तायमी, पुरे कर."

कप भरून कॉफी तायमीच्या बोटांवरून वाहायला लागली होती, कडकडीत. तरी ती ओततच राहिली आणि चेहरा तसाच राहिला.