शायलोने घेतलेला मास्क

शायलोच्या उजव्या नाकपुडीची कड गेल्या हिवाळ्यात गेली. थंडीनं आधी पांढरी पडली, मग काळी, आणि कराकोल शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी ती कापून काढली. वर बजावलं, की पुन्हा एकदा गोठलं तर अख्खं नाक जाईल आणि मग डोंगर विसरायचा.

डोंगर विसरून शायलोनं करायचं काय, हे बाईंना कोण विचारणार? वीस वर्षं तो कोळशाच्या खाणीत होता. खाण बंद पडली तेव्हा खोऱ्यातली निम्मी माणसं रशियाला गेली, उरलेल्यांतली बरीचशी व्होडकाच्या नादी लागली. शायलोनं मात्र चाळिशी उलटल्यावर पायाला स्की बांधल्या. पडला, आपटला, लोकांना महिनाभर करमणूक झाली. पण तिसऱ्या हिवाळ्यात परदेशी पाहुण्यांच्या पुढे बर्फातून वाट काढणारा खोऱ्यातला पहिला माणूस तोच. वीस वर्षं दिवसाउजेडी आभाळ दिसलं नव्हतं त्याला. कड्यावर पोचला की भसाड्या आवाजात गायचा, आणि कोणी हसलं तर आणखी मोठ्यानं गायचा. त्याच्याइतका सुखी माणूस त्या खोऱ्यात दुसरा नव्हता.

यंदा बर्फ पडायला लागला तसा, हे पाहुणे उतरायचे त्या गेस्टहाउसचा मालक मेलिस घरी आला. तिशीतला पोरगा, शायलोला थोरल्या भावाच्या जागी मानून बाइके, म्हणजे दादा, म्हणणारा. तीन वाट्या चहा होईपर्यंत तो इकडचं तिकडचं बोलत राहिला आणि मग खाली मान घालून म्हणाला, "बाइके, पाहुणे तुमच्या नाकाकडे बघतात आणि मला विचारतात, आमचंही असंच होणार का? चांगला मास्क घ्या. नाहीतर यंदा घरीच बसा."

दुसऱ्या दिवशी शायलो मिनीबसनं कराकोलच्या बाजारात गेला. तिथे एका लोखंडी कंटेनरमध्ये सोनुनबू नावाची बाई स्कीचं जुनं सामान विकायची. तरुणपणी ती स्वतः शर्यतीत उतरलेली, त्यामुळे गिऱ्हाइकाला माल दाखवण्याआधी ती त्याचा चेहराच निरखायची. शायलोचं नाक तिनं नीट पाहिलं आणि तीन मास्क पुढे टाकले. एक लोकरीचा विणलेला, एक जाड रबरी, तोंडाशी बारीक भोकं असलेला, आणि एक रेशमासारखा पातळ. लोकरीचा तिनं स्वतःच बाजूला सारला. श्वास लागला की तासाभरात त्याचा बर्फ होतो म्हणाली. पातळ दोन घ्या, एक चेहऱ्यावर, एक छातीशी कपड्यांत, आणि ओला झाला की बदला, असा तिचा सल्ला.

"थंडी नाही मारत, बाइके. ओल मारते."

शायलोनं पातळ मास्क बोटांवर ताणून उजेडासमोर धरला. पलीकडचा सगळा बाजार दिसला. खाणीत तोंडावर जितकं जाड फडकं तितकं आयुष्य जास्त, हे त्याच्या हाडांत मुरलेलं. त्यानं रबरी उचलला. सोनुनबूनं तो त्याला घालायला लावला, त्यावर स्कीचा चष्मा चढवून फुंकर मारायला सांगितली, काच धुरकट होते का ते पाहिलं. मग ठीक म्हणाली, पण एक अट घातली. आत किंवा तोंडाला काहीही फासायचं नाही. चरबी तर मुळीच नाही. भोकं बुजली की श्वास आतच कोंडेल आणि नाकावरच गोठेल. शायलोनं मान डोलावली.

आता चरबीचं असं, की त्या खोऱ्यात हिवाळ्यात डोंगरावर निघालेल्या पुरुषाच्या तोंडाला घरची बाई मेंढीच्या शेपटाची चरबी चोळते. आधी आई, मग बायको. गेल्या वर्षी ज्या दिवशी नाक गोठलं, त्या सकाळी शायलोचं आणि बायकोचं, झूराचं, मॉस्कोत गेलेल्या मुलावरून वाजलं होतं. तिनं चरबी चोळली नव्हती. माझ्या हातानं तुमचं नाक गेलं, असं म्हणत ती हिवाळाभर रडली. डॉक्टरीणबाईंनी तिला समजावलं, शायलोनं समजावलं, पण तिच्या डोक्यातून ते काही गेलं नाही.

म्हणून यंदा पहिल्याच दिवशी ती पहाटे उठून चरबीची वाटी कोमट करून उभी. आणि तिचा चेहरा असा उजळलेला, की शायलोला तोंडावर आलेलं एक वाक्य गिळावं लागलं. एकच वाक्य होतं. तो मुकाट्यानं स्टुलावर बसला. रोज बसत राहिला.

डिसेंबर निभावला. जानेवारीत एका सकाळी पारा उणे तिसाच्या खाली गेला. कड्याच्या मध्यावर मास्क पत्र्यासारखा कडक झाला. मागे चार पाहुणे, उजवीकडे दरी, थांबायला जागा नाही. दुपारी नाक दुखायचं थांबलं, तेव्हाच शायलोला कळून चुकलं. चौघांनाही त्यानं सुखरूप खाली आणलं. मास्क निघाला तो दवाखान्यात, कोमट पाण्यानं. या खेपेला डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. किती कापावं लागेल ते त्यांनी स्वतःच्या चेहऱ्यावर बोटानं दाखवलं.

दवाखान्यात आलेल्या झूराला त्यानं सांगितलं, मास्कच भिकार निघाला. झालं, ती तो मास्क मुठीत धरून निघाली सोनुनबूचा माल तिच्याच तोंडावर मारायला. पट्टीआडून तो जाऊ नको, जाऊ नको म्हणत राहिला. तासाभरात ती परत आली आणि खाटेशी बसली.

"ती म्हणते, तिनं तुम्हाला बजावलं होतं."

मुठीतला मास्क तिनं खाटेवर ठेवला.

"रोज चोळत होते मी. आणि तुम्ही बसून चोळून घेत होता. का हो?"

"तुला बरं वाटायचं," तो म्हणाला.

झूरानं दोन्ही हात डोक्यावरच्या रुमालाच्या टोकात गुंडाळून घेतले. शायलो घरी आला तेव्हा मेलिसनं त्याचं काम आणि त्याच्या स्की दुसऱ्याला दिल्या होत्या. त्याचं त्याला फारसं काही वाटलं नाही, निदान तो तसं म्हणायचा. पट्टी दिवसाआड बदलावी लागायची. त्यासाठी झूरा शेजारणीला बोलवायची. तूच बदल ना गं, असं शायलो दर वेळी म्हणायचा आणि ती भिंतीकडे तोंड करून बसून राहायची. त्याच्या चेहऱ्याला तिनं पुन्हा कधी हात लावला नाही.